उडवीमागचा मांडव

चौऱ्याण्णव सालच्या थंडीत डोंबिवलीत, मानपाडा रोडच्या अलीकडे-पलीकडे, एक बातमी दबक्या आवाजात फिरत होती. खडवलीची आवडाबाई म्हणे आपल्या शेतावर चोरून लग्नं लावते. पळून आलेली पोरंपोरी नावाला तिच्या कॉटेजमध्ये राहायला जातात आणि नवरा-बायको होऊन परततात. इथपर्यंत ऐकणारा नुसता "हं" म्हणायचा. मग सांगणारा आजूबाजूला बघून घ्यायचा आणि आवाज आणखी खाली आणायचा. "आणि आपले मोरूभाऊ? त्यांचंही लावलंय तिनं. दुसरं! मंजुळाबाईंशी!"

मोरूभाऊ म्हणजे आमच्याच बिल्डिंगीतला, डिसेंबर ते मार्च गळ्यातला मफलर न काढणारा माणूस. दूध नासलं तरी आधी "मीच पातेलं नीट धुतलं नसेल" असं म्हणणारा. मंजुळाबाई त्याच बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या, स्वतःचा धडधाकट नवरा असलेल्या. या दोघांचं लग्न लागलं हे ऐकून मी तर पहिल्यांदा चहाच सांडला. पण बातमी आणली होती खुद्द मोरूभाऊंच्या बायकोनं, कमळाबाईंनी. आता बायकोच साक्षीदार म्हटल्यावर आपण कोण अविश्वास दाखवणार?

पण आधी आवडाबाईबद्दल सांगायला हवं.

आवडाबाई मूळची बाळकुमची. बाप मिठागरावर कामाला. आज तिथं उंच बिल्डिंगी आहेत. तेव्हा खाडीच्या कडेनं मिठाचे पांढरे ढीग असायचे. तिची आत्या धवलारीण होती. आगऱ्यांमध्ये पूर्वी लग्न लावायला भटजी लागायचा नाही, धवलारीण लागायची. मांडवात उंबराची फांदी रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत एकेका कामाचा एकेक धवला, म्हणजे लग्नाचं गाणं. ते सगळे तिला तोंडपाठ हवेत. गाण्यात नवऱ्या-नवरीचं नाव गुंफायचं आणि गाता गाता त्यांची गाठ बांधायची. आवडाबाई आत्याच्या मांडीला मांडी लावून शिकली, लग्न होऊन खडवलीला धाकूच्या घरी आली आणि बघता बघता टिटवाळ्यापासून थेट बाळकुमपर्यंत तिला बोलावणी येऊ लागली. उंच, काटक बाई. आखूड घट्ट कासोटा, दातांना मिश्री, आणि आवाज असा की तीन शेतं पलीकडचा बैल मान वर करायचा.

मग जमाना पालटला. ऐंशीनंतर जमिनींना भाव आले, पोरं शिकली, लग्नं हॉलमध्ये गेली. हळदीला लाउडस्पीकर आणि बेंजो आला. आवडाबाईला आधी "दोनच धवले म्हण" असं सांगू लागले, मग "एकच म्हण, फोटोपुरता", आणि मग बोलावणंच बंद झालं. ती आपली भात कापल्यावर त्याच जमिनीत वाल पेरायचा, विहिरीपाशी काकडी-भेंडी लावायची आणि टोपल्या कल्याणच्या बाजारात पोचवायच्या, हे धाकूच्या बरोबरीनं करत राहिली.

कॉटेजचं खूळ असंच आलं. भातसा नदीवर डुंबायला येणारी शहरी मंडळी परतताना तिच्या ओट्यावर टेकायची. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खायची आणि म्हणायची, "मावशी, इथंच राहावंसं वाटतं हो!" असं पुष्कळांनी म्हटल्यावर धाकूनं शेताच्या बांधाला लागून दोन खोल्या बांधल्या. वर कौलं, पुढं पडवी, आणि मागं पांढऱ्या टाइल्सचा संडास. तो बघायला गावातले लोक चपला काढून यायचे. ठाण्या-डोंबिवलीची कुटुंबं शनिवार-रविवार राहायला येऊ लागली. त्यांना वाटायचं आपण आराम करायला आलोय. आवडाबाई त्यांच्या हातात टोपली द्यायची. "बसून काय कराचं? जरा वालाच्या शेंगा खुडा, मजा येल." आणि बँकेतले साहेब उन्हात ओणवे होऊन दुपारपर्यंत शेंगा खुडायचे, वर परत येऊन आम्हाला सांगायचे, "काय एन्जॉय केलं म्हणून सांगू!" एकानं तर पहाटे आरवतो म्हणून कोंबड्याला थोडं उशिरा सोडायची विनंती केलेली. धाकूनं त्याला शांतपणे विचारलं, "मंग त्याला सांगाचं कोनी?"

आता संशयाच्या गोष्टी.

पहिली म्हणजे, आवडाबाई आलेल्या माणसाचं नाव विचारायची, बायकोचंही विचारायची आणि मग दोन्ही नावं तोंडातल्या तोंडात घोळवत राहायची. पुढं तिचा ठरलेला सवाल असायचा. "लगीन झायलंय ना?" हो म्हटलं तरी भागायचं नाही. "खरंच झायलंय ना? नक्की?" पोरंबाळं घेऊन आलेल्या माणसाला कुणी असं विचारतं का?

दुसरी म्हणजे, शेताच्या मागच्या टोकाला भाताच्या पेंढ्याची मोठी उडवी रचलेली होती. तिच्या पलीकडं पाहुण्यांनी जायचं नाही. "जनावर हाय तिथं," असं ती सांगायची. कुठलं जनावर ते सांगायची नाही.

तिसरी गोष्ट धाकूची. अबोल, वाकलेला म्हातारा. पण त्याच्या कानाच्या पाळ्या कायम पिवळ्या. कल्याणच्या बाजारात भाजीवाल्यांनी विचारलं, "दाजी, हळद लागलीय वाटतं?" तर हा भेंडीची टोपली तशीच ठेवून निघून आलेला.

कमळाबाई आणि मोरूभाऊ जानेवारीत तिथं राहायला गेले ते मंजुळाबाईंच्याच सांगण्यावरून. मंजुळाबाई नवऱ्यासह आधीच जाऊन आल्या होत्या आणि शेंगा खुडून खूश होत्या. कमळाबाईंचा स्वभाव मुळात असा की वाण्यानं हसून साखर दिली तरी त्या घरी येऊन पुन्हा वजन करतील. पोचल्या पोचल्या त्यांनी नावांची चौकशी टिपली, उडवी टिपली, धाकूचे कान टिपले. मोरूभाऊ मात्र मफलर गुंडाळून गायीशी ओळख करून घेत होते.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना कमळाबाई टाइल्सच्या संडासाकडं निघाल्या आणि वाटेतच थबकल्या. उडवीमागून गाणं येत होतं. बाईचा आवाज, मुद्दाम दाबून धरलेला:

"मोरू नवरा गो पाटावं बैसला,
मंजुळा नवरी गो दारात लाजली..."

कमळाबाई संडास विसरल्या. तशाच खोलीत आल्या आणि गाढ झोपलेल्या नवऱ्याच्या अंगावरची गोधडी ओढली.

"मंजुळा कोण?"

मोरूभाऊ डोळे चोळत म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरची."

झोपेत माणूस खरं बोलतो, हे त्यांचं दुर्दैव. कमळाबाईंनी तिथंच सामान बांधलं. निघताना मोरूभाऊ शर्टाची बटणं लावत असताना त्या हिय्या करून उडवीला वळसा घालून आल्या. माणूस कुणी नव्हतं. पण जमिनीत रोवलेली उंबराची फांदी होती, तांदळाच्या पिठानं काढलेला चौक होता, दोन पाट होते आणि पाटांभोवती पिवळ्या अक्षता सांडलेल्या होत्या. त्यातल्या चिमूटभर कमळाबाईंनी पदराला बांधून आणल्या. पुढं महिनाभर त्या पुराव्यादाखल आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांना पाहायला मिळाल्या. मंजुळाबाईंनी जिन्यात कमळाबाईंशी बोलणं सोडलं. मोरूभाऊंना जेवण मिळायचं, पण लोणचं बंद झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती आमच्या बिल्डिंगीतली करमणूक होती. पण कमळाबाईंची धाकटी बहीण बाळकुमच्या नव्या बिल्डिंगीत राहायची, आणि ती बिल्डिंग ज्यांच्या जमिनीवर उभी होती त्या घरचा कर्ता म्हणजे राघो. धोतर, डोक्याला टोपी, बिल्डिंगीच्या फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणं हेच त्याचं काम. बहिणीनं त्याला हौसेनं सगळं ऐकवलं. तिला काय ठाऊक, की राघोच्या पुतण्याचं लग्न याच आवडाबाईच्या मुलीशी, शालूशी, ठरलेलं आहे!

शालू आवडाबाईची एकुलती एक. कल्याणला टायपिंगच्या क्लासला जायची. राघोचा पुतण्याही तिथंच यायचा. दोघांची बोटं आधी जुळली की मनं, ते त्यांनाच माहीत. पण दोन्ही घरं आगऱ्यांचीच निघाली आणि गोष्ट सोपी झाली. राघोनं होकार देताना एकच अट घातली होती, तीही चारचौघांत. "भटजी येव दे, बेंजो येव दे, हॉल घ्या. पन हळदीला आवडाबाई सोता धवले गानार. सगले! एक कडवा सोडाचा नाय. धवलारनीच्या घरची पोर आनतोय मी, ती काय उगाच?"

आवडाबाई त्या वेळी नुसतं "गाईन की" म्हणालेली. मान खाली घालून. मंडळींना वाटलं, लाजली.

आता त्याच राघोच्या कानावर आलं की ही बाई दुसऱ्यांच्या पळून आलेल्या पोरी पोरांच्या गळ्यात बांधते. अशा घरची सून करायची? त्यानं घरात कुणाला काही सांगितलं नाही. पिशवीत दोन धोतरं भरली आणि एका शुक्रवारी खडवलीच्या शेतावर हजर झाला. पुढचं बरंचसं मला राघोनंच सांगितलंय, आणि राघो थापा मारताना उजवी मिशी कुरवाळतो. हे सांगताना त्याचा हात मिशीकडं गेला नव्हता.

आवडाबाई विहिरीवर होती. होणारा व्याही न सांगता आलेला बघून तिनं भरलेली घागर खाली ठेवली.

"यावा राघोदादा! शालू, पानी आन गो! असा अवचित कसा?"

"मी पावना म्हनून नाय आयलो," राघो म्हणाला. "गिऱ्हाईक म्हनून आयलोय. तुज्या कॉटेजमदी ऱ्हानार."

"अवो, घर असताना कॉटेज कनाला?"

"लोक येतात ना ऱ्हायाला? मंग मी आयलो. का मना मनाई हाय?"

मनाई कशी करणार? तिनं खोली उघडून दिली. पण त्या घडीपासून दोघांनी एकमेकांवर नजर ठेवली. तिला वाटलं, हा गाणं ऐकायला आलाय, परीक्षा घ्यायला. त्याला वाटलं, ही सावध झालीय. ती भाकरी घेऊन आली की तो तिच्या बोटांकडं बघायचा, बोटं पिवळी. शेजारच्या खोलीत ठाण्याचं एक तरुण जोडपं उतरलं होतं. राघोनं पडवीत बसून त्या मुलीच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं इतका वेळ निरखून बघितलं की तिनं पदर ओढून घेतला.

"कवा झायला लगीन?" राघोनं मुलाला विचारलं.

"डिसेंबरमध्ये, काका."

"कुटं?"

"ठाण्याला. का हो?"

"भटजी व्हता का बाई व्हती?"

मुलगा बायकोला घेऊन तडक नदीवर निघून गेला.

शालूनं हे सगळं बघितलं. स्वयंपाकघरात ती आईला म्हणाली, "आये, यांना कायतरी कललंय. दोन दिस ते बंद ठेव ना. हा मानूस उठून गेला तर माजा लगीन गेला समज."

"बंद कसा ठेवू?" आवडाबाई कुजबुजली. "वैशाख किती लांब ऱ्हायलाय? आनि मना अजून तेलाच्या धवल्याच्या फुडचा येत नाय."

"मंग त्यांना सांगून टाक खरा काय ते."

"खरा सांगितला तर तो काय बोलंल? धवलारनीची पोर म्हनून हो बोललाय तो. धवलारनीलाच धवले येत नाय, तर काय ऱ्हायला?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता राघो कांबळं पांघरून वालाच्या वाफ्यात जाऊन बसला. दवानं धोतर भिजलं. थोड्या वेळानं उडवीच्या पलीकडं हालचाल झाली, पाट सरकवल्याचा आवाज आला, आणि मग दाबलेल्या गळ्यातून गाणं सुरू झालं.

"मोरू नवरा गो पाटावं बैसला..."

 तीच नावं! कमळाबाईंच्या बहिणीनं सांगितलेली, तीच. तो कांबळं टाकून उठला आणि उडवीला वळसा घालून ओरडला, "थांबव! कुटं हाय ती पोर?"

पोर नव्हती. उंबराच्या फांदीखाली, पिठाच्या चौकात, एका पाटावर धाकू बसला होता. डोक्याला टॉवेलाचं बाशिंग, गालांना, कानांना हळद, आणि बसल्या बसल्या झोपलेला. दुसऱ्या पाटावर एक मोठं थोरलं लाल डांगर, म्हणजे भोपळा, होता. त्यालाही हळद फासलेली, वर कुंकवाचा टिळा, आणि देठाला आवडाबाईच्या जुन्या लुगड्याचा पदर गुंडाळलेला.

राघो डांगराकडं बघत राहिला. "ही मंजुळा?" त्यानं विचारलं.

धाकू जागा झाला. व्याह्याला समोर बघून त्यानं बाशिंग काढलं आणि सभ्यपणे म्हणाला, "बसा ना."

बसायला पाट नव्हता.

आवडाबाईनं हळदीची वाटी खाली ठेवली. "काय नाय, राघोदादा. उगाच आपला... पोरीचा लगीन हाय ना. आवाज साफ करत व्हते."

"आवाज साफ कराला नवरा रंगवतात?"

तिनं पिवळी बोटं पदराला पुसली.

"बरा मंग, गा. तेलाचा गा. मी ऐकतो."

आता सुटका नव्हती. शालूही उठून उडवीआड येऊन उभी राहिलेली. आवडाबाईनं गायला सुरुवात केली. आवाज तोच, बैलाची मान वर करायला लावणारा, आता दाबायची गरजही नव्हती. गाण्यात तेलाची वाटी आली, वाटीत दूर्वा आल्या, नवरीची आई आली. आणि तिथं ती थांबली. परत मागून सुरुवात केली. परत नवरीची आई आली आणि परत थांबली.

"नाय येत," ती म्हणाली. "इसरले मी. कोनी बोलवतच नाय तं कुटं गाऊ? रोज थोडा थोडा आठवते. हळद वाटली की हळदीचा येतो, पीठ घातला की चौकाचा येतो. हातात काम नसंल तं तोंडात येत नाय. पन ह्याच्या फुडं काय तेच येत नाय. तुमाला फशिवला मी. आता काय बोलाचा ते बोला."

राघोनं टोपी काढली, पुन्हा घातली. मग पाटावरचं डांगर दोन्ही हातांनी उचलून त्यानं बाजूला ठेवलं, पाटावर बसला आणि जमिनीकडं बघत, बेसूर, घोगऱ्या आवाजात म्हणाला:

"आईच्या हाताला तेल, तेलाला डोल्यांचा पानी,
चंद्रभागा नवरी गो सासरची झाली रानी..."

चंद्रभागा ही राघोची बायको. गेली त्याला बरीच वर्षं झालेली. बाळकुमला त्यांच्या लग्नात आवडाबाईच्या आत्यानं तो धवला गायला होता. राघोला सगळ्या गाण्यांतलं ते एकच कडवं येत होतं, कारण त्यात ते नाव होतं.

आवडाबाईनं डोळे मिटून ते तोंडात घोळवलं. "डोल्यांचा पानी नाय," ती म्हणाली. "आत्या 'खाडीचा पानी' बोलाची."

"डोल्यांचा."

"खाडीचा. मना शिकवला तिनं."

"लगीन माजा झायला का तुजा?"

दोघं त्या पाण्यावरून ऊन वर येईपर्यंत भांडले. शालूनं मध्येच चहा आणला तो गार झाला. धाकू कान पुसून काकडीला पाणी लावायला गेला. अखेरीस राघो उठला, गुडघे धरत. "मदी अडलीस तर खोक. मी पाठीमागं बसंन, फुडचा सांगंन. पन मी डोल्यांचाच बोलनार." आणि शालूकडं वळून म्हणाला, "पोरी, नाश्ता आन. कॉटेजमदी नको, घरात आन."

वैशाखात लग्न लागलं. हळदीला आवडाबाईनं सगळे धवले म्हटले, बेंजोवाले बाजूला विड्या ओढत बसले होते. मध्ये दोनदा तिला ठसका लागला. दोन्ही वेळा भटजींनी घाईनं पाणी पुढं केलं, आणि दोन्ही वेळा मागून राघो काहीतरी पुटपुटला. तेलाच्या धवल्यात ती काय म्हणाली, खाडीचं की डोळ्यांचं, ते मला नीट ऐकू आलं नाही. मी जिलेबीच्या रांगेत होतो.

कमळाबाई लग्नाला आल्या नाहीत. त्यांना सगळं समजावून सांगायला राघो स्वतः डोंबिवलीला येऊन गेला. त्यांनी ऐकून घेतलं, चहाही दिला. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "तिचाच माणूस हा. तो काय वेगळं सांगणार? मला एवढंच सांगा, जगातली सगळी नावं सोडून याच दोघांची नावं कशी आली?" पुढं कधी तरी मी हेच आवडाबाईला विचारलं. शेंगा सोलता सोलता तिनं सांगितलं. तिनं जे सांगितलं ते असं.

आवडाबाईनं शेतावर कुणाचंही लग्न लावलं नाही. नावाशिवाय धवला म्हणता येत नाही, आणि लग्न न झालेल्यांची नावं घेतली तर गाठ खरीच बसेल, अशी तिला भीती होती. म्हणून ती पाहुण्यांमधल्या लग्न झालेल्या माणसांची नावं घ्यायची, एका जोडप्यातला नवरा आणि दुसऱ्या जोडप्यातली बायको. मोरूभाऊ आणि मंजुळाबाई ही नावं तिनं निवडली, कारण दोघंही दुसऱ्यांशी आधीच बांधलेले असल्यानं त्यांचं लग्न कधीच होऊ शकलं नसतं.